पहिले काम जयंती नाल्याचे

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या गल्लीतील पाच-सहा मंडळी मेडिकलवर आली आणि काउंटरपलीकडे उभ्या उभ्याच त्यांनी विचारले की, कोल्हापूर महापालिकेच्या निवडणुकीला आपल्या प्रभागातून तुम्हीच का उभ्या राहत नाही. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली, घरी बोलले आणि अपक्ष म्हणून अर्ज भरण्याचे ठरवले. तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी दोन तास मी घरोघर जाते आहे. दारात गेले की प्रत्येक जण आपापल्या शब्दांत एकच प्रश्न विचारतो : निवडून आलात तर पहिले काय कराल? त्याचे उत्तर तीन मिनिटांत द्यावे लागते आणि ते अर्धवट राहते. पत्रकावरही जागा थोडी असते. म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

माझे उत्तर असे आहे : पहिले काम जयंती नाल्याचे. ऐकणाऱ्यांपैकी काहींचा चेहरा लगेच पडतो. नाला म्हणजे वास, डास आणि गाळ. त्याच्या नावाने मत कोण मागते? परंतु पिण्याचे पाणी, पूर, आजारपण, बांधकामाचे परवाने आणि घरफाळा हे आमच्या शहराचे जुने प्रश्न फिरून फिरून या नाल्याच्या काठाशीच येतात, हे मी शाहूपुरीत दुकान चालवताना सत्तावीस वर्षे पाहत आले आहे.

माझे माहेर रत्नागिरीचे. समुद्रकाठी वाढलेल्या मुलीला पाण्याचे वेळापत्रक कोणी शिकवावे लागत नाही. भरती दिवसातून दोनदा येते, रोज पाऊण-एक तास उशिरा येते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी भरती. पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला वाऱ्याचा जोर मिळाला की मिऱ्याच्या बाजूच्या घरांना धास्ती असे, पण ती कोणत्या दिवशी बाळगायची हे पंचांग पाहून सांगता येई. लग्न होऊन आंबा घाट चढून इकडे आले, तेव्हा येथील पाणी फुटांत आणि इंचांत मोजले जाते, हे मला नवीन होते. पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे आमच्या गल्लीतील चौथीचे मूलही सांगते. हे आकडे पंचांगात नसतात. राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कुंभी-कासारीच्या खोऱ्यात किती पाऊस पडतो आहे, पुढे कृष्णेला पाणी किती आहे, यावर ते ठरतात.

मी रत्नागिरीत उमेदवार असते, तर माझी यादी वेगळी झाली असती. किनाऱ्याची धूप, मासळी बाजाराची स्वच्छता, विहिरींत शिरणारे खारे पाणी यांपासून मी सुरुवात केली असती. सांडपाणी तेथेही आहे आणि त्याचा त्रास मासेमारांना होतोच. पण खाडीत गेल्यावर ते शहराच्या नजरेआड होते आणि त्यापुढे कोणाचे गाव लागत नाही. नदीकाठच्या शहराला एवढी मोकळीक नाही. आम्ही पंचगंगेत जे सोडतो ते इचलकरंजीवरून, शिरोळ तालुक्यातील गावांवरून पुढे जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. माझी नणंद शिरोळ तालुक्यात दिली आहे. मे महिन्यात ती माहेरी येते, तेव्हा आमच्या घरचे पाणी पिऊन झाल्यावर हमखास म्हणते, ‘वहिनी, तुमचं पाणी ग्वाड हाय बघा. पण तुम्ही वापरून सोडलेलं आमच्याकडं येतंय.’ ती हे रागाने म्हणत नाही, आणि म्हणूनच ते मला अधिक लागते. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. त्या दिवसांत तिकडचे लोक औषधांसाठी आमच्या दुकानापर्यंत येत होते. नदीच्या खालच्या अंगाला राहणारी माणसे आमच्या प्रभागात मतदार नाहीत, परंतु त्यांच्याविषयीचे कर्तव्य मतदारयादीवरून ठरू नये, असे माझे मत आहे.

जयंती नाला शहराच्या दक्षिणेकडून येतो, हुतात्मा पार्काजवळून आणि लक्ष्मीपुरीच्या कडेने वाहत दसरा चौकाच्या मागून जातो आणि पंचगंगेला मिळतो. जुनी माणसे त्याला अजून जयंती नदी म्हणतात. आज पावसाळा सोडला तर त्यातून मुख्यतः शहराचे सांडपाणीच वाहते. ते नदीत जाऊ नये म्हणून नाल्यावर बांध घालून अडवले जाते, पंपांनी उचलले जाते आणि कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात नेले जाते. या केंद्राची क्षमता दिवसाला 76 दशलक्ष लिटर आहे. दुधाळी नाल्यासाठी 17 दशलक्ष लिटरचे दुसरे केंद्र आहे. ही व्यवस्था उभी राहण्यामागे नदीसाठी न्यायालयात गेलेल्या आणि वर्षानुवर्षे निवेदने देत राहिलेल्या नागरिकांचे श्रम आहेत, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे.

अडचण येते ती रोजच्या चालण्यात. वीज गेली, पंपात प्लास्टिक अडकले किंवा दाबनलिकेला गळती लागली, की अडवलेले पाणी बांधावरून सरळ नदीकडे जाते. उन्हाळ्यात नदीला प्रवाह नसतो. बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असल्यामुळे पाणी जागच्या जागी उभे असते; त्यात मैला मिसळला की केंदाळ (जलपर्णी) फोफावते, पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि मेलेले मासे काठाला लागतात. ज्या बंधाऱ्याच्या पद्धतीला साऱ्या महाराष्ट्रात कोल्हापूरचे नाव आहे, त्याच बंधाऱ्यामागे असे पाणी साठावे, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून सभागृहात माझी पहिली मागणी नव्या प्रकल्पाची नसेल. आज पंप किती तास चालले, किती वेळ बंद राहिले, किती सांडपाणी उचलले गेले आणि प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या पाण्याची तपासणी काय सांगते, हे चार आकडे रोज उपसा केंद्राच्या फाटकावर लिहिले जावेत, एवढीच ती आहे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी साऱ्या शहराच्या तोंडी असते, कारण ती सतत सांगितली जाते. नाल्याचा आकडाही तसाच तोंडी झाला, तर पंप दोन दिवस बंद पडून राहणे प्रशासनाला आणि नगरसेवकांना सारखेच अवघड जाईल. त्याबरोबर राखीव पंप, जनरेटरचे डिझेल आणि जाळ्यांची सफाई यांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद हवी, आणि वर्षाच्या मध्यात ती दुसऱ्या कामाकडे वळवता येणार नाही अशी अट हवी. देखभालीच्या खर्चाला नारळ फुटत नाही की कोनशिला बसत नाही, त्यामुळे कात्री लावायची वेळ आली की ती प्रथम तेथे लागते.

घरांच्या जोडण्यांबद्दलही बोलले पाहिजे. उपनगरांतील अनेक वसाहतींत अजून सेप्टिक टँक आहेत आणि त्यांचे पाणी उघड्या गटारातून नाल्यात येते. जेथे रस्त्याखालून ड्रेनेज लाईन गेली आहे तेथेही काही घरे जोडलेली नाहीत, कारण अंगण फोडून चेंबरपर्यंत पाईप नेण्याचा खर्च एकदम करणे प्रत्येकाला झेपत नाही. हा खर्च महापालिकेने आधी करावा आणि घरफाळ्यातून तीन-चार वर्षांत हप्त्याने वसूल करावा, अशी माझी सूचना आहे. ज्या घरात विधवा बाई एकटी राहते किंवा कमावते कोणी नाही, तेथे तो माफही करावा.

दुकानाच्या काउंटरवरून शहराची एक गोष्ट लवकर कळते. एरवी ओआरएसची पाकिटे आणि जुलाबाच्या गोळ्या दिवसाकाठी सर्व बाजूंनी थोड्या थोड्या जातात. एखाद्या आठवड्यात त्या एकाच गल्लीतील चार घरांतून मागितल्या गेल्या, की मी समजते, त्या गल्लीत पिण्याच्या पाण्याची लाईन आणि ड्रेनेजची लाईन कोठेतरी एकमेकींत मिसळली आहे. नळाला पाणी ठरावीक वेळच येते. पाणी बंद झाले की पाईप रिकामा होतो आणि जुन्या सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. अशा वेळी मी नळाचे पाणी सोडणाऱ्या ओळखीच्या चावीवाल्याला बोलावते, तो मुकादमाला सांगतो, खोदकाम होते आणि दोन-तीन दिवसांत सांधा सापडतो. हे ओळखीवर चालू नये. प्रभागातील दवाखाने आणि औषध दुकानांनी रुग्णांची नावे न देता केवळ गल्ली आणि तक्रार एवढेच रोज आरोग्य निरीक्षकाला कळवावे आणि एका गल्लीतून ठरावीक संख्येपेक्षा जास्त तक्रारी आल्या की त्याच दिवशी नळाच्या पाण्याचा नमुना घेतला जावा, अशी पद्धत बसवता येईल. तिला खर्च जवळजवळ काहीच नाही. माझ्या यादीतील हे सर्वांत लहान काम आहे आणि निवडून आले नाही तरी ते मी करणार आहे.

काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचे पाणी 2023 च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आले, तेव्हा मी इतर हजारो लोकांसारखीच आनंदले होते. बालिंगा, नागदेववाडी आणि शिंगणापूर येथून नदीचे पाणी उपसणाऱ्या शहराला पन्नासहून अधिक किलोमीटरवरून धरणाचे स्वच्छ पाणी मिळावे, ही मागणी दोन पिढ्यांची होती. परंतु पाणी पुईखडीपर्यंत येणे आणि ते तिसऱ्या गल्लीच्या शेवटच्या घरात पुरेशा दाबाने पोचणे, यांत वितरण नलिका, टाक्या आणि व्हॉल्व्ह यांचे मोठे काम आहे. शिवाय धरणाकडचा पंप थांबला की साऱ्या शहराचा पुरवठा कोलमडतो, म्हणून जुनी उपसा केंद्रे चालू स्थितीत ठेवलीच पाहिजेत. आणि जोवर ती ठेवायची आहेत, तोवर नदी स्वच्छ ठेवण्याची गरज संपत नाही. ‘आता नदीचं पाणी प्यायचं नाही, मग नदीचं कशाला एवढं?’ असे मला दोन घरांत विचारले गेले. त्यांना मी हेच सांगितले.

आता पुराविषयी. 2005 मध्ये आमच्या दुकानाच्या पायरीपर्यंत पाणी आले आणि परत गेले. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि दुकानात खालचे दोन कप्पे बुडाले. 2021 च्या जुलैमध्ये ते 56 फुटांच्याही वर गेले. त्या वेळी तिसरा कप्पा बुडाला. दोन्ही खुणा मी रंगाच्या पट्टीने भिंतीवर ठेवल्या आहेत. पाणी आमच्याकडे नदीच्या बाजूने चालून येत नाही, ते नाल्यातून येते. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचे पाणी बाहेर पडू शकत नाही, नदीच नाल्यात उलटी शिरते आणि सुतारवाडा, दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशी एकेक जागा पाण्याखाली जाते. त्याच वेळी शहरात पाऊस कोसळत असेल, तर तो जाण्यासाठीही नाल्याशिवाय वाट नसते. यासाठी नाल्याचे पात्र रुंद आणि मोकळे असणे, त्यात राडारोडा न टाकला जाणे आणि त्याच्या काठची जागा रिकामी राहणे आवश्यक आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आठ दिवस पोकलॅन फिरवून हे साधत नाही. नालेसफाई जानेवारीत सुरू व्हावी, काढलेला गाळ काठावरच न ठेवता उचलला जावा आणि सफाईपूर्वीचे व नंतरचे मोजमाप प्रभागातील लोकांसमोर घेतले जावे.

याहून अवघड विषय पूररेषेचा आहे, आणि त्यावर माझी मते जाऊ शकतात, याची मला कल्पना आहे. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील क्षेत्र निषिद्ध असते. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती हद्द आहे. निळ्या आणि लाल रेषेमधील क्षेत्र नियंत्रित असते. लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरली जाते. असा हिशेब असताना आम्ही दोन वर्षांच्या अंतराने दोन महापूर पाहिले. 2019 नंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे लक्ष वेधले. तरीही नदीकाठच्या सखल जमिनींवर भराव पडतच आहेत. एका जमिनीवर पाच फूट मुरूम टाकला, की तेवढे पाणी दुसऱ्याच्या घरात जाते. पाण्याला बसायला जागा हवी आणि ती आपण एकेक डंपर टाकून कमी करत आहोत. सभागृहात जमिनीवरील आरक्षण उठवण्याचा किंवा पूररेषेतील बांधकामाला वाट करून देणारा ठराव आला, तर मी विरोधात मत देईन आणि ते मत इतिवृत्तात नोंदवून घेईन, मग तो ठराव माझ्या प्रभागातील मतदाराच्या फायद्याचा का असेना. ज्यांची जमीन अडकली आहे त्यांच्यावर अन्याय होतो, हेही खरे आहे. त्यांना टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा हस्तांतरणीय विकास हक्क, वेळेत आणि हेलपाट्यांशिवाय मिळाला पाहिजे. आज एका फाईलसाठी माणूस वर्षभर जिने चढतो आणि शेवटी कंटाळून रात्रीत भराव टाकून मोकळा होतो.

काही गोष्टींचे आश्वासन मी देणार नाही. पुराचा विषय निघाला की सभांत कर्नाटकातील अलमट्टी धरणाचे नाव घेतले जाते. त्या धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करण्याला आपला विरोध आहे आणि तो मांडला गेलाच पाहिजे. पण तो विषय दोन राज्ये, लवाद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या पातळीवरचा आहे. राधानगरीतून विसर्ग किती करायचा, हेही महापालिका ठरवत नाही. महामार्गाचा शिरोलीकडील भराव पाण्याला अडथळा होतो, या तक्रारीचा पाठपुरावा मी करेन, पण तो रस्ताही महापालिकेचा नाही. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिलेली आहेत आणि त्यांत सांडपाणी, पाणीपुरवठा, सफाई, रस्ते, दिवे ही कामे येतात. नगरसेवकाला त्या कामांचा जाब विचारला जावा. मोठ्या धरणांवर भाषणे करून गल्लीतील चेंबर तुंबलेले ठेवणाऱ्याला मत देऊ नका, असे मी घरोघर सांगते, आणि उद्या मी तसे वागले तर तेच वाक्य मला ऐकवावे.

पूर थांबवता येत नसला, तरी त्याची तयारी प्रभागात करता येते. सुतारवाड्यातील कुटुंबांना दर पावसाळ्यात प्रथम हलवावे लागते आणि ती चित्रदुर्ग मठात जातात. वर्षानुवर्षे तीच माणसे त्याच ठिकाणी जात असतील, तर तेथे स्त्रियांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे, लहान मुलांसाठी दूध आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांची औषधे जूनमध्येच तयार असायला काय हरकत आहे? 2019 मध्ये अनेक वृद्ध माणसे गोळ्यांची नावे न आठवता रिकाम्या हाताने बाहेर पडली होती. ‘पांढरी, बारकी गोळी, सकाळची’ एवढ्यावरून औषध द्यायचे कसे, हा प्रश्न मी त्या आठवड्यात कितीदा सोडवला ते सांगता येणार नाही. प्रभागातील अशा रुग्णांची, त्यांच्या संमतीने, औषधांची यादी करून ठेवण्याचे काम आमच्या दुकानाने मागच्या पावसाळ्यापासून सुरू केले आहे.

कुंभार गल्लीचा प्रश्न वेगळा आहे. जुलै-ऑगस्ट हा पुराचा काळ आणि तोच गणेशमूर्ती तयार होऊन मांडवात उभ्या असण्याचा काळ. मातीची मूर्ती पाण्यात दोन तास राहिली तर वर्षाची कमाई चिखल होऊन जाते. या मंडळींनी मागितले आहे ते फार नाही : पाणी 39 फुटांकडे सरकू लागताच मूर्ती हलवण्यासाठी उंचावरची एक बंदिस्त जागा, आणि तीन महिन्यांसाठी तिचे परवडणारे भाडे. महापालिकेच्या मालकीच्या इमारतींत आणि शाळांच्या सभागृहांत अशी जागा निघू शकते. त्या गल्लीतील एका आजींनी माझा हात धरून सांगितले, ‘पोरी, आम्हाला नुकसानभरपाई नगं, आधी गाडी पाठव.’ यापेक्षा चांगले धोरण मला सुचलेले नाही.

या सगळ्याला पैसा कोठून येणार, हे उमेदवाराने सांगितले पाहिजे. जकात गेली, नंतर एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि गेला, 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि महापालिका शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसू लागली. हातात राहिलेले मोठे उत्पन्न म्हणजे घरफाळा, पाणीपट्टी आणि बांधकाम परवान्यांचे शुल्क. तिसऱ्या उत्पन्नाची ओढ पूररेषेच्या विरुद्ध दिशेला असते, हे ध्यानात घ्यावे. घरफाळा कमी करण्याचे वचन मी देत नाही. ज्या व्यापारी मिळकतींची नोंद अजून निवासी म्हणून आहे, त्यांची मोजणी पूर्ण करून त्यांना योग्य दर लावावा आणि नियमित भरणाऱ्यावर वाढीव बोजा टाकू नये, एवढे म्हणते. माझ्या दुकानाची पावती मी कोणालाही दाखवीन.

हद्दवाढीबद्दलही सर्वत्र विचारले जाते. 1972 च्या डिसेंबरमध्ये नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हापासून एकदाही हद्द वाढलेली नाही. भोवतीच्या 42 गावांसाठी 2017 मध्ये वेगळे विकास प्राधिकरण झाले. हद्दवाढ व्हावी असे मला वाटते, पण गावांना आधी पाणी, ड्रेनेज आणि बस देऊन विश्वास मिळवावा लागेल. आमच्याच उपनगरांना ते अपुरे असताना गावकरी का यावेत? तोपर्यंत निदान पूररेषेचा नियम हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखा पाळला जावा. आंबेवाडी-प्रयाग चिखलीकडे नदीकाठ भरला गेला, तर त्याचे पाणी शहरातच येते.

रस्ते, केएमटी (महापालिकेची बससेवा), शाळा, पार्किंग यांवर माझी मते आहेत, पण त्यांत मी काही वेगळे सांगते आहे असे नाही. रस्ता करण्यापूर्वी त्याखालच्या पाण्याच्या व ड्रेनेजच्या लाईन तपासून बदलाव्यात, म्हणजे नवे डांबर दोन महिन्यांत फोडावे लागणार नाही. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झाल्यापासून सीपीआर रुग्णालयाच्या परिसरातील गर्दी वाढली आहे, तेथे केएमटीच्या फेऱ्या वाढवाव्यात. जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात. तसे शिक्षण इतर शाळांत द्यायला काय कमी पडते, ते तेथील शिक्षकांनाच विचारावे. आणि 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्यांनी पाहिले, त्यांना महापालिकेच्या प्रत्येक इमारतीची अग्निसुरक्षा तपासणी का हवी, हे सांगण्याची गरज नाही. मी त्या रात्री खासबागच्या बाजूला उभी होते. माझ्या सासऱ्यांनी त्या रंगमंचावर हौशी नाटकांत काम केले होते. ते घरी बसून होते आणि मला फोनवर फक्त ‘छप्पर आहे का?’ एवढेच विचारत होते.

शेवटी, मला कोठे गाठायचे, याविषयी. 2015 मध्ये एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला गेला होता. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे प्रशासकांनीच कारभार पाहिला. आता 20 प्रभागांत 81 जागा आहेत. बहुतेक प्रभागांत चार सदस्य. चौघांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही, अशी भीती लोक बोलून दाखवतात आणि ती रास्त आहे. कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद आहे, ती वापरात येत नाही. मी निवडून आले तर दर तीन महिन्यांनी अशी सभा घेईन, उरलेल्या तिघांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, तिचे निमंत्रण देईन आणि मागच्या सभेतील तक्रारींचे काय झाले ते सर्वांसमोर वाचून दाखवीन.

तोवर एक काम निकालाची वाट न पाहता करता येईल. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी हुतात्मा पार्काजवळच्या पुलावर उभी असेन. तेथून नाल्याच्या काठाने, जेथपर्यंत वाट आहे तेथपर्यंत, उपसा केंद्राकडे चालत जायचे आणि वाटेत कोठे उघडी गटारे नाल्यात मिळतात, कोठे भराव पडला आहे, कोठे कचरा टाकला जातो, ते नकाशावर टिपायचे असे ठरले आहे. कुंभार गल्लीतील तिघे आणि पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले एक चावीवाले मामा येणार आहेत. जमिनीखालच्या लाईन त्यांना कागदाशिवाय पाठ आहेत. येणाऱ्यांनी बूट घालून यावे. चपलेने चालता येणार नाही, एवढा गाळ आहे.